भाच्याला ईसीपी सांगितलंय (पांढऱ्या पेशींना लाइट देऊन परत चढवतात), कुणाला अनुभव?

जेलरोडची_मावशी
नमस्कार मंडळी, एरवी मी नुसती वाचत असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. माझ्या बहिणीचा मुलगा, ७ वर्षांचा, वजन १८ किलो, थॅलेसेमिया मेजर. त्याच्या मोठ्या बहिणीशी एचएलए (पेशी जुळतात का ते बघायची टेस्ट) पूर्ण जुळलं म्हणून मुंबईला बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) केली, ती छान झाली, काउंट आले, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं बंद झालं, आम्ही पेढेसुद्धा वाटले. आणि मग काही महिन्यांनी अंगावर चट्टे, तोंडात फोड, लिव्हरचे रिपोर्ट वर. क्रॉनिक जीव्हीएचडी म्हणाले, म्हणजे बहिणीच्या पेशी ह्याच्या शरीराला परकं समजून त्रास देतायत. स्टिरॉइड चालूच आहे पण डोस कमी केला की पंधरा दिवसांत चट्टे परत, वाढवला की चेहरा फुगतो, बीपी वाढतं, शुगर वाढते, उंची तर थांबल्यासारखीच झालीय. मध्ये रुक्सोलिटिनिब नावाची गोळी दिली, फरक पडत होता पण प्लेटलेट उतरायला लागल्या म्हणून ते पण कमी करावं लागलं.

आता डॉक्टर म्हणतायत ईसीपी करू. रक्त काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, औषध घालून अल्ट्राव्हायोलेट लाइट द्यायचा आणि परत चढवायच्या. लागोपाठ दोन दिवस, मग थोडं थांबून परत दोन दिवस, असं महिनोन्महिने. युनिट मुंबईत, आम्ही नाशिकला, म्हणजे दर वेळी घाट उतरणं आलं.

घरात दोन तट पडलेत. ताई म्हणते करूया, तिच्या सासूबाई म्हणतात लेकराला आधीच किती टोचलंय, आता रक्त बाहेर काढून लाइट मारायचा हा काय नवीन प्रकार. जिजू गप्प आहेत, ते रात्री मोबाइलवर काहीबाही वाचत बसतात. मला एवढंच कळून घ्यायचंय की हे नक्की काय आहे, एवढ्या लहान मुलाला झेपतं का, आणि खरंच उपयोग होतो का नुसती आशा.

सिडकोचा_राजा
ताई हे म्हणजे नवीन जन्मलेल्या बाळांना काविळीत निळ्या लाइटखाली ठेवतात तेच ना? आमच्या छोटीला ठेवलं होतं, दोन दिवसांत ठणठणीत. घाबरू नका.

एफेरेसिसवाला
राजाभाऊ, नाही. तो निळा प्रकाश बाळाच्या कातडीवर पडतो आणि बिलिरुबिनचं (काविळीतल्या पिवळ्या द्रव्याचं) रूप बदलतो म्हणजे ते शरीराबाहेर जाऊ शकतं, तिथे रक्त बाहेर काढायचा प्रश्नच नसतो. ईसीपीत पेशंटवर लाइट पडतच नाही, पडतो तो पिशवीतल्या पेशींवर.

मी एफेरेसिसला (मशीननं रक्तातले घटक वेगळे करायचं काम) टेक्निशियन आहे, मूळचा पंचवटीतला, सध्या मुंबईत, रोजचं काम हेच. होतं असं की लाइनमधून, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीतून, रक्त मशीनमध्ये येतं, मशीन ते जोरात गरगर फिरवतं, जड लाल पेशी एका बाजूला जातात, प्लाझ्मा दुसऱ्या बाजूला आणि दोघांच्या मध्ये पांढऱ्या पेशींचा पातळ थर धरतो, दुधावर साय धरते तसा. तेवढा थर आम्ही बाजूला घेतो, लाल पेशी आणि बराचसा प्लाझ्मा पेशंटला परत जातो. मग त्या थरात मेथॉक्सॅलेन घालतात. हे औषध अंधारात स्वस्थ बसून असतं, यूव्हीए पडला की पेशीच्या डीएनएचे दोन धागे एकमेकांना असे बांधून टाकतं की पेशीला पुढे विभागताच येत नाही. यूव्हीए म्हणजे ३२० ते ४०० नॅनोमीटरचा प्रकाश, डोस मोजून असतो, दर चौरस सेंटिमीटरला २ ज्यूलच्या आसपास. लाइट झाला की पिशवी परत पेशंटला, साध्या रक्ताच्या पिशवीसारखी.

पूर्वी ह्याच औषधाच्या गोळ्या आधी दोन तास द्यायचे, मळमळ व्हायची, प्रत्येकाच्या रक्तात वेगवेगळं प्रमाण यायचं. आता थेट पिशवीत घालतात त्यामुळे अंगात जातं ते अगदी किरकोळ. पण जातं, ते लक्षात ठेवा, उन्हाचं पथ्य त्याच्यामुळेच असतं.

लहान मुलांबद्दल लिहितो जरा वेळाने, ड्यूटीवर आहे.

आजीचा_बटवा
मेथॉक्सॅलेनच्याच जातीचं द्रव्य आपल्या बावचीत असतं. कोडावर बावची आणि ऊन हा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, ह्यांनी आता मशीन लावून महाग केलाय. मावशी, तुम्ही बावचीचं तेल चट्ट्यांना लावून सकाळचं कोवळं ऊन द्या, पोटातूनही देतात.

डॉ_गंगापूररोड
बटवा, कृपा करून हा सल्ला मागे घ्या. मी बालरोगतज्ज्ञ आहे, बीएमटी माझा विषय नाही पण अशी दोन-तीन मुलं माझ्याकडे फॉलोअपला असतात म्हणून लिहितोय.

बावचीत सोरॅलेन (मेथॉक्सॅलेन ज्या गटातलं ते द्रव्य) असतं हे बरोबर, कोडासाठी बावची जुनी आहे हेही बरोबर आणि त्वचेचे डॉक्टर पुवा (सोरॅलेन देऊन कातडीवर यूव्हीए) देतात तेही ह्याच तत्त्वावर. पण ह्या मुलाच्या कातडीवर दात्याच्या पेशी आधीच हल्ला करतायत, त्यावर सोरॅलेन चोळून उन्हात बसवलंत तर भाजल्यासारखे फोड येतील आणि जीव्हीएचडी उन्हानं नुसताच भडकतो. वर बावची पोटातून घेऊन लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदवलेल्या आहेत आणि ह्याचं लिव्हर आधीच दुखावलेलं. मावशी, लेप, तेल, काढा काहीही नको. बीएमटीच्या टीमला न विचारता मधसुद्धा नको.

आजीचा_बटवा
बरं. लिव्हरचं मला माहीत नव्हतं. लेकराला आराम पडो.

एफेरेसिसवाला
हं, आता लहान मुलांचं. खरी कसरत लाइटची नाहीच, रक्ताच्या हिशोबाची आणि शिरेची आहे.

१८ किलोच्या मुलाच्या अंगात किलोमागे ७०-८० मिली धरलं तर सगळं मिळून सव्वा ते दीड लिटरच्या आत रक्त. त्यातलं एका वेळी १० ते १५ टक्क्यांहून जास्त शरीराबाहेर असू नये हे आम्ही बघतो, म्हणजे साधारण १३० ते २०० मिली. मशीनच्या नळ्या आणि ते फिरणारं भांडं ह्यातच बरंचसं भरतं. मोठ्या माणसाला ते जाणवत नाही, ह्याचं बीपी खाली येऊ शकतं. म्हणून छोट्या मुलांत नळ्या आधी रक्तपेढीच्या लाल पेशींनी भरून घेतात, त्याला प्राइम करणं म्हणतात, म्हणजे मुलाचं रक्त बाहेर आलं तरी तेवढंच आत गेलेलं असतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर हे आणखी गरजेचं. सासूबाईंना सांगा की "रक्त काढतात" म्हणजे बाटलीभर काढून ठेवतात असं नाही, एकीकडून येत असतं आणि दुसरीकडून जात असतं.

दुसरं शिरेचं. हाताची शीर एवढा फ्लो देत नाही, मोठ्या मुलांचीच मुश्किलीनं देते. बीएमटीच्या वेळची मऊ लाइन असेल तर ती मशीनच्या ओढीनं चपटी होते आणि अलार्म वाजत राहतो. त्यामुळे बहुतेक वेळा जाड, दोन तोंडांची कडक लाइन घालावी लागते, डायलिसिसला घालतात त्या जातीची. ती भूल देऊन घालतात. आणि मग घरी त्या लाइनला जपणं हे तुमचं काम, त्याबद्दल कुणी आईवडील लिहितील तर बरं.

रक्त नळीत गोठू नये म्हणून हेपॅरिन किंवा सायट्रेट वापरतात. सायट्रेट असेल तर ते रक्तातलं कॅल्शियम धरतं, ओठांभोवती मुंग्या येतात, मोठी माणसं सांगतात, लहान मुलं नुसती किरकिर करतात नाहीतर एकदम गप्प होतात. आईला ते आमच्या आधी कळतं, लगेच सांगायचं, कॅल्शियम दिलं की थांबतं.

आणि आदल्या रात्रीपासून तुपकट तेलकट नको. मी मस्करी करत नाहीये. जेवणातली चरबी प्लाझ्मात उतरते, प्लाझ्मा गढूळ होतो, मशीनच्या सेन्सरला थर नीट दिसत नाही आणि लाइट पण पेशींपर्यंत नीट पोचत नाही. मुंबईला निघताना घाटात वडापाव खाऊन आलेला पेशंट आम्ही प्लाझ्मा बघूनच ओळखतो.

सिडकोचा_राजा
वडापाव ओळखतात 😄 भारी. पण एक शंका, पेशी मारूनच टाकायच्या असतील तर परत कशाला चढवायच्या? फेकून द्या ना.

डॉ_गंगापूररोड
राजाभाऊ, सगळ्यात चांगला प्रश्न तुमचाच. उत्तर असं की एका बैठकीत रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा थोडासाच हिस्सा मशीनमध्ये येतो, नुसतं मारणं हेच काम असतं तर एवढ्यानं काही झालं नसतं. लाइट मिळालेल्या लिम्फोसाइट पेशी (पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार) लगेच मरत नाहीत, एक-दोन दिवसांत शांतपणे मरायला लागतात. त्या मरत असताना शरीरातल्या दुसऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि त्यातून असा निरोप जातो की ही दंगल आवरा. मग रेग्युलेटरी टी पेशी, म्हणजे आवर घालणाऱ्या पेशी, वाढलेल्या दिसतात. ह्यातल्या प्रत्येक पायरीवर संशोधकांचं अजून एकमत नाही, पण मुद्दा हा की परत चढवणं हाच उपचार आहे.

आणि म्हणूनच स्टिरॉइड किंवा बाकीच्या औषधांसारखी सगळी प्रतिकारशक्ती खाली दाबली जात नाही. ह्या मुलांना जीव्हीएचडीइतकीच भीती फंगसची, सीएमव्ही नावाच्या व्हायरसची, साध्या सर्दीच्या न्यूमोनियाची असते. संसर्ग न वाढवता स्टिरॉइड खाली आणता येतो का, हा ह्या उपचारामागचा खरा हिशोब आहे. ७ वर्षांच्या मुलाची हाडं आणि उंची वाचवायची तर तो हिशोब फार मोठा.

शंकासूर
मी जरा कडू बोलणार आहे, मावशींनी राग मानू नये. "रक्ताला लाइट" म्हटलं की माझे कान टवकारतात. युट्यूबवर ढीगभर बाबा लोक आहेत, नसेतून लेझर सोडतात, रक्तात ओझोन सोडतात, डिटॉक्स म्हणतात आणि पैसे काढतात. हे त्यातलं नाही हे कशावरून? आणि ज्या रिसर्चवर हे चाललंय ती किती भक्कम आहे? २००८ साली क्रॉनिक जीव्हीएचडीवर एक ट्रायल आली होती, ९५ पेशंटची. निम्म्यांना नेहमीचे उपचार अधिक ईसीपी, निम्म्यांना नुसते नेहमीचे उपचार, आणि कातडीचे गुण मोजणाऱ्याला कोणाला काय दिलंय हे माहीत नव्हतं. १२ आठवड्यांनी कातडीच्या गुणांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मुख्य प्रश्नात नापासच म्हणायची ती.

डॉ_गंगापूररोड
शंकासूर, तुम्ही ट्रायल वाचलीय हे बघून बरं वाटलं. पण पुढचं पान पण सांगा ना. त्याच ट्रायलमध्ये ईसीपीच्या गटात कातडी सुधारून शिवाय स्टिरॉइड निम्म्यावर आणता आलेले लोक होते, थोडेच होते, पण दुसऱ्या गटात एकही नव्हता. १२ आठवडे हा ह्या उपचारासाठी तसा कमी वेळ आहे, क्रॉनिकमध्ये दोन-तीन महिन्यांनी पहिल्यांदा अंदाज घेतात. मुलांवर मोठ्या रँडम ट्रायल नाहीतच म्हटलं तरी चालेल, जे आहे ते युनिट-युनिटचे अनुभव, त्यात कातडी आणि तोंडाला सगळ्यात चांगला प्रतिसाद दिसतो, फुप्फुसाचं असेल तर बरेचदा "आणखी बिघडलं नाही" ह्यालाच यश म्हणावं लागतं.

बाबा लोकांचं म्हणाल तर ईसीपी १९८७ साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रिचर्ड एडल्सन आणि सहकाऱ्यांनी कातडीच्या एका लिम्फोमावर (कॅन्सरवर) वापरून प्रसिद्ध केलं, १९८८ ला तिथल्या एफडीएनं (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) त्याच आजारासाठी मंजुरी दिली. जीव्हीएचडीतला वापर नंतर वाढत गेला. साडेतीन दशकं हे वापरात आहे, आता जगभरच्या बीएमटी युनिटमध्येही. डिटॉक्सवाल्याकडे ना पेशी वेगळ्या करणारं मशीन असतं ना सोरॅलेन.

शंकासूर
मान्य. नव्या गोळ्या आल्यात ना पण? त्या का नाही? घाटाच्या फेऱ्या तरी वाचतील.

डॉ_गंगापूररोड
आल्यात. रुक्सोलिटिनिबला क्रॉनिक जीव्हीएचडीसाठी एफडीएची मंजुरी २०२१ ची, १२ वर्षांपुढे, बेलुमोसुडिल पण २०२१ आणि १२ वर्षांपुढेच. इब्रुटिनिब आधी मोठ्यांना होतं, २०२२ मध्ये १ वर्षापुढच्या मुलांना मिळालं, त्यात रक्तस्रावाची भीती असते आणि ह्या मुलाच्या प्लेटलेट आधीच लटपटतायत. मावशींनी लिहिलंय की रुक्सोलिटिनिब देऊन झालं. मला तरी डॉक्टरांचं पाऊल योग्य वाटतं. बऱ्याच वेळा थोड्या डोसची गोळी आणि ईसीपी दोन्ही एकत्र पण चालतं.

दिंडोरीची_आई
मावशी, मी लिहू का नको करत होते. माझ्या मुलीला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया (अंगात रक्तच नीट तयार होत नाही) होता, बीएमटी झाली, नंतर क्रॉनिक जीव्हीएचडी, तिची कातडी कडक व्हायला लागलेली, कोपर सरळ होईना, वेणी घालायला हात मागे जाईना. ईसीपी झालं. खरं सांगते, पहिले दोन महिने मला काहीच दिसलं नाही, मी रोज सकाळी तिचा हात दाबून बघायचे आणि रडायचे, नवरा म्हणायचा फोटो काढ आणि बघणं बंद कर. मग एक दिवस डॉक्टरांनीच स्टिरॉइड थोडं उतरवलं आणि ह्या वेळी चट्टे परत आले नाहीत. तिथून हळूहळू. कोपर आता जवळजवळ सरळ होतं, पूर्ण नाही. डोळे अजून कोरडेच आहेत, थेंब चालू आहेत. फुप्फुसाची टेस्ट होती तिथेच थांबलीय, डॉक्टर त्यात खूश आहेत.

मशीनवरचे तीन-चार तास फार कठीण नसतात हो, मोबाइल असतो, ड्रॉइंगची वही न्या. उठता येत नाही म्हणून सू आधी करवून घ्या. थंडी वाजते, कारण रक्त बाहेर फिरून येतं, पातळ पांघरूण ठेवा. कठीण असतं ते लाइन सांभाळणं. आंघोळ नाही, अंग पुसून, ड्रेसिंग ओलं झालं की लगेच बदलायचं, फ्लश करताना मास्क. आमच्या लाइनला एकदा इन्फेक्शन झालं, रात्री थंडी वाजून ताप आला, जवळच्या दवाखान्यात नेलं तर तिथे "व्हायरल आहे, सिरप द्या" म्हणून परत पाठवत होते, मी भांडून मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावून दिला तेव्हा कुठे कल्चर (रक्तात जंतू आहेत का ती टेस्ट) घेऊन अँटिबायोटिक सुरू केलं. लाइन असलेल्या मुलाला १००.४ च्या वर ताप म्हणजे वाट बघायची नाही, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, घरात कुणीही असो.

जेलरोडची_मावशी
दिंडोरीच्या ताई, काय बोलू. ताईला तुमची पोस्ट वाचून दाखवली, ती आणि सासूबाई दोघी ऐकत होत्या. सासूबाईंनी विचारलं ऊन किती दिवस टाळायचं? आमच्याकडे अंगण आहे, पोरगं दिवसभर तिथेच.

एफेरेसिसवाला
सेशननंतर २४ तास पक्के. म्हणजे लागोपाठ दोन दिवस असेल तर दुसऱ्या सेशननंतरचे २४ तास संपेपर्यंत. अंगभर कपडे, टोपी, आणि यूव्हीए अडवणारा गॉगल, कारण औषध डोळ्याच्या भिंगात पण जातं. रस्त्यावरचा पन्नास रुपयांचा काळा गॉगल उलट वाईट, बाहुली मोठी होते आणि यूव्हीए जास्त आत जातो. ज्यांच्या डोळ्यातलं भिंगच काढलंय त्यांना हा उपचार देतच नाहीत, म्हणून आधी डोळे तपासतात.

गाडीतलं पण सांगतो, लोकांना वाटतं काच लावली की झालं. साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बराचसा आत येतो. गाडीची पुढची काच दोन थरांची असते ती बरी, बाजूच्या काचा नाही. काळी फिल्म लावली तर नाक्यावर पोलीस धरतात. मधल्या सीटवर बसवा, बाजूला चादर, आणि शक्यतो संध्याकाळी निघा.

डॉ_गंगापूररोड
ह्यात एक भर. बीएमटीच्या मुलांना फंगससाठी बरेचदा व्होरिकोनॅझोल चालू असतं, ते स्वतःच कातडीला उन्हासाठी हळवी करतं. भाच्याला चालू असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या, आणि अंगणातला खेळ एरवीही सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी उशिराच. जीव्हीएचडीची कातडी आहे, ऊन तिचं वैरी.

अजून एक, हे फार महत्त्वाचं. नाशकात कधी रक्त किंवा प्लेटलेट चढवायची वेळ आली तर ती इरॅडिएटेड हवी. ह्या लाइटशी त्याचा संबंध नाही, तिथे गॅमा किंवा एक्स-रेनं किमान २५ ग्रे डोस देऊन दात्याच्या लिम्फोसाइट निकामी करतात, नाहीतर रक्तदात्याच्या पेशीच अंगात रुजून वेगळीच जीव्हीएचडी होऊ शकते आणि ती जिवावर बेतते. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहून ठेवा.

निफाडचा_नाना
मावशी, मला ह्या डॉक्टरकीतलं काही समजत नाही पण वाचू राहिलो सगळं. माझी गाडी आहे, द्राक्षाचा सीझन सोडला तर मी मोकळाच असतो, मुंबईला न्यायला आणायला मी येतो, डिझेलचे पण नको. आता इगतपुरीहून समृद्धी लागते, ८ किलोमीटरच्या बोगद्यातून कसारा घाट टळतो, आमण्यापर्यंत लोण्यासारखा रोड आहे, पुढे भिवंडीचं ट्रॅफिक आहे तेच आहे. पहाटे निघालं तर बरं. पंचवटी एक्स्प्रेसनं नेऊ नका लेकराला, सुट्टीच्या दिवशी उभं राहायला जागा नसते, सगळे खोकू राहतात.

कागदपत्रं_काका
पैशाचं कुणी विचारलं नाही म्हणून मीच लिहितो. ह्यात मशीनपेक्षा दर वेळचं किट महाग, ते एकदाच वापरायचं असतं, आणि फेऱ्या अनेक. त्यामुळे युनिटकडून एका सेशनचं नको, तीन महिन्यांचं एस्टिमेट लेटरहेडवर मागा. बीएमटीला कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून घेतले असतील तर ती मदत १० लाखांपर्यंत आणि ट्रान्सप्लांटसाठी, पुढच्याला दुसरी दारं ठोठवायला लागतील. मुख्यमंत्री सहायता निधीला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, १ लाख ६० हजारांच्या आतला. पंतप्रधान निधीला वेगळा अर्ज. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, तिथल्या सोशल वर्करला भेटा, रिसेप्शनला नाही. जिजू अंबडला नोकरीला आहेत ना? पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापलं जातं का बघा, जात असेल तर सातपूरच्या हॉस्पिटलमधून रेफर होऊन सुपर स्पेशालिटीचा मार्ग निघू शकतो, पण रेफरचा कागद आधी, उपचार नंतर, उलटं केलं की बिल अडकतं. थॅलेसेमिया अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात आहे, युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) काढलं नसेल तर काढा. रेल्वेत थॅलेसेमियाच्या पेशंटला सोबत्यासकट सवलत आहे, नानांची गाडी नसेल त्या दिवशी उपयोगी पडेल.

जेलरोडची_मावशी
काका, जिजूंना विचारलं, ईएसआयसी कापतात! गेली दोन वर्षं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उद्या सातपूरला जातायत.

शंकासूर
मावशी, माझ्याकडून एक. सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या की उपयोग होतोय हे कशावरून ठरवणार आणि कधी ठरवणार. स्टिरॉइडचा डोस किती खाली आला, तोंडात किती खाता येतंय, बिलिरुबिन किती, हे आज लिहून ठेवा. नाहीतर वर्षभर फेऱ्या चालू राहतात आणि थांबायचं कधी हे कुणीच बोलत नाही.

दिंडोरीची_आई
शंकासूर बरोबर बोलले. आम्ही वही केली होती.

जेलरोडची_मावशी
अपडेट देतेय, उशीर झाला. लाइन घातली, पहिले दोन सेशन झाले. नळ्या रक्तानं भरून घेतल्या, बीपी एकदा जरा खाली आलं होतं, मशीन हळू केलं मग ठीक. ओठ चोळायला लागला तेव्हा ताईनं लगेच सांगितलं, कॅल्शियम दिलं. दुसऱ्या रात्री ९९.८ ताप होता, आम्ही थर्मामीटर घेऊन जागलो, १०० च्या वर गेला नाही पण युनिटला फोन केलाच, त्यांनी सकाळी सीबीसी करायला सांगितलं, काउंट नीट आहेत. प्लेटलेट ४१ हजार. २० हजारांच्या वर असल्या की सेशन करतात म्हणाले, म्हणून आता आदल्या दिवशी नाशकातच सीबीसी करून रिपोर्ट पाठवतो, फुकट फेरी नको. चट्ट्यांत फरक काही नाही, इतक्यात अपेक्षा पण नाही. डॉक्टरांनी सांगितलंय दोन महिन्यांनी बघू, तोपर्यंत स्टिरॉइड आहे तेवढंच ठेवायचं, आणि वही चालू केलीय. सासूबाई स्वतः गॉगल घालून त्याला गॉगल घालायला लावतात.

सातपूरचा कागद मिळाला, मंजुरी अजून यायचीय.

एफेरेसिसवाले दादा, सकाळी निघताना काय खायला देऊ? साखरखोबरं घातलेला उपमा मागतोय.

एफेरेसिसवाला
खोबरं नको. इडली द्या, चटणीशिवाय, किंवा पोहे अगदी थेंबभर तेलात, शेंगदाणे न घालता. पाणी आदल्या दिवसापासून भरपूर, शीर आणि बीपी दोन्ही खूश राहतात. उपमा सेशन संपल्यावर द्या, पाहिजे तेवढं खोबरं घालून.

निफाडचा_नाना
मंगळवारी गाडी किती वाजता आणू?

जेलरोडची_मावशी
नाना, साडेचारला. मागच्या काचांना लावायच्या चादरी आमच्याकडे आहेत, तुम्ही आणू नका.